संसदेतून थेट अ‍ॅस्कॉटला

२१ जून २०१७ रोजी आमच्या दैनिकात जागेची मारामार होती. लखनौमध्ये पंतप्रधानांनी भर पावसात साजरा केलेला योगदिन आणि अनिल कुंबळे यांचा आदल्या दिवशीचा राजीनामा यांनी महत्त्वाची पाने अडवली होती. परदेश डेस्कवर माझ्याकडे लंडनची बातमी होती. तिथले सकाळचे साडेअकरा म्हणजे आपले दुपारचे चार, त्यामुळे पान सोडायला भरपूर अवधी होता.

संसदेच्या अधिवेशनाचे उद्घाटन करून राणी एलिझाबेथ त्याच दुपारी अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणार होत्या. अंगावर राजवस्त्रे नव्हती, डोक्यावर मुकुटाऐवजी पिवळ्या फुलांची निळी टोपी होती, आणि घोडागाडी न वापरता त्या मोटारीने आल्या होत्या. त्यातच मजूर पक्षाचे खासदार डेनिस स्किनर, ‘आटपा लवकर, पहिली शर्यत अडीचला आहे,’ असे भर सभागृहात बोलून गेले. शेजारच्या सहकाऱ्याने लगेच मथळा सुचवला : ‘राणीला शर्यतीची घाई’. मथळा चटपटीत होता, यात वाद नाही. पण मला तो पटेना.

समारंभाचा थाट कमी करण्याचे एप्रिलमध्येच जाहीर झाले होते. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी अचानक निवडणूक घेतल्यामुळे उद्घाटन राणीच्या अधिकृत वाढदिवसाच्या संचलनाला खेटून आले होते आणि शाही मिरवणुकीच्या तालमींना वेळ उरला नव्हता. असा साधा समारंभ याआधी मार्च १९७४ मध्ये झाला होता, तोही घाईच्या निवडणुकीनंतरच. पुढे मे यांचे बहुमत गेले, उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाशी पाठिंब्यासाठीची बोलणी लांबली आणि १९ जूनची तारीख २१ वर ढकलली गेली. शर्यतींचा आठवडा मात्र आधीपासून ठरलेला होता. म्हणजे राणीने संसदेला आपल्या सवडीप्रमाणे वळवले नव्हते, तर सरकारची तारीखच त्यांच्या ठरलेल्या दिवसावर येऊन आदळली होती. पती प्रिन्स फिलिप आदल्या रात्रीच रुग्णालयात दाखल झालेले असताना एक्क्याण्णव वर्षांच्या राणीने अ‍ॅस्कॉट टाळले असते तरी कोणी बोट ठेवले नसते, असे मला वाटत होते. पण तो त्यांचा खासगी प्रश्न होता, बातमीचा नव्हे.

वृत्तसंपादकांनी माझे म्हणणे ऐकून घेतले. राणीच्या भाषणात जाहीर झालेली ब्रेक्झिटची विधेयके मुख्य बातमीत गेली, टोपी आणि स्किनर यांना खाली चौकट मिळाली. सहकाऱ्याने तिला ‘अडीचची शर्यत’ हे नाव दिले आणि ते मी तसेच जाऊ दिले.