साबा: धक्क्याआधी, रस्त्याआधी, विमानाआधी

साबा हे कॅरिबियन समुद्रातलं छोटं डच बेट. तिथे जायचं तर आधी शेजारचं सिंट मार्टेन बेट गाठावं लागतं. तिथल्या प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळावरून विनएअरचं छोटं ट्विन ऑटर विमान पंधरा मिनिटांच्या आत तुम्हाला बेटावर आणून सोडतं. फेरीबोटही आहे, तिला सव्वा तासाच्या आसपास लागतो. मधला समुद्र उघडा आहे आणि डिसेंबर ते मार्च त्याला चांगलाच जोर असतो. बोट लागणाऱ्यांनी पैशाकडे न बघता विमान घ्यावं. ज्यांना विमानाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी मात्र माझ्याकडे सल्ला नाही, कारण साबाची धावपट्टी जेमतेम ४०० मीटरची आहे.

बेट १३ चौरस किलोमीटरचं, वस्ती दोन हजारांच्या आसपास. समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखी, शेवटचा उद्रेक १६४० च्या सुमाराला. नेदरलँड्सचं राज्य म्हटलं की आपल्याला सपाट कुरणं आठवतात, पण त्या राज्यातलं सगळ्यात उंच टोक इथे आहे: माउंट सीनरी, ८८७ मीटर. द बॉटम ही राजधानी, तीसुद्धा समुद्रापासून अडीचशे मीटर वर. विंडवर्डसाइड ४०० मीटरवर. झायन्स हिल आणि सेंट जॉन्स धरून गावं चारच. घरं पांढरी, छपरं लाल, आणि बऱ्याच जुन्या घरांच्या अंगणात त्याच कुटुंबाच्या पिढ्यांची थडगी. भाषा रोजच्या व्यवहारात इंग्रजी. आडनावं विचाराल तर हॅसेल आणि जॉन्सन, आणि मग उरलेली.

इथल्या वयस्कर मंडळींशी बोलायला बसलं की साल कुणी सांगत नाही. धक्क्याआधी, रस्त्याआधी, विमानाआधी असं सांगतात. नीट ऐकलं तर तिन्ही गोष्टींचा मुद्दा एकच असतो: वस्तू खालून वर कशी चढवायची.

धक्का, म्हणजे बोट लागायची जेट्टी, १९७२ चा. त्याआधी उतरायच्या जागा दोन, दक्षिणेकडे फोर्ट बे आणि पश्चिमेला लॅडर बे. समुद्र ज्या बाजूला त्यातल्या त्यात नरम असेल तिकडे जहाज जायचं आणि बाहेर खोल पाण्यात नांगर टाकायचं. माणसं आणि माल वल्हवायच्या होड्यांतून किनाऱ्याकडे. किनारा म्हणजे वाळू नव्हे, गोटे. होडीवाले लाटांच्या अलीकडे होडी धरून थांबत. मोठ्या लाटा ओळीने येतात आणि मग थोडा वेळ पाणी दबतं. ती संधी साधून जोरात वल्ही मारायची, कमरेएवढ्या पाण्यात उभे असलेले गडी होडी दोन्ही अंगांनी पकडायचे आणि उतारूने लगेच उडी मारायची. उशीर केला तर पुढची लाट होडी आडवी फिरवते आणि आडवी झालेली होडी उलटते. म्हणून सामान आधी की माणूस आधी, हे होडीवाला ठरवायचा, आणि त्याच्याशी वाद घालायचा नसे.

लॅडर बेला पुढे खडकात खोदलेल्या सुमारे ८०० पायऱ्या आहेत. पिठाची पोती, लाकडी फळ्या, कपाटं, पियानोसुद्धा याच चढणींवरून माणसांनी वर नेले. पायऱ्या आजही चढता येतात. वरच्या अंगाला जुनं कस्टमचं घर लागतं. उतरताना गुडघ्यांची खरी परीक्षा होते, कारण पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. मध्ये सावली जवळजवळ नाही, म्हणून सकाळी लवकर जा किंवा ऊन कलल्यावर, आणि माणशी किमान एक लिटर पाणी ठेवा. समुद्र खवळलेला असेल तर खालच्या गोट्यांवर उतरू नका. तिथे पाय ठेवायला एकही दगड स्थिर नसतो.

रस्त्याची गोष्ट साबात प्रत्येकजण सांगतो, आणि सांगावी अशीच आहे. या उतारांवर रस्ता होणं शक्य नाही, असं बाहेरून आलेल्या इंजिनिअरांचं मत होतं. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या बेटावरच्याच माणसाने पोस्टाने रस्तेबांधणीचा अभ्यासक्रम केला आणि १९३८ मध्ये काम सुरू झालं. यंत्रं नव्हती. फावडी, घमेली, ढकलगाड्या आणि माणसं. फोर्ट बे ते द बॉटम हा पहिला टप्पा १९४३ मध्ये संपला. १९४७ मध्ये बेटावर पहिली मोटार आली, एक जीप. धक्काच नव्हता, तर ती उतरवली कशी? दोन होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या, फळ्यांवर जीप चढवली आणि लाटेचा अंदाज घेत किनाऱ्याला लावली. १९५१ मध्ये रस्ता विंडवर्डसाइडला पोचला, १९५८ मध्ये पूर्ण झाला. काँक्रीटचा पट्टा आणि कडेने दगडी कठडा, हे रूप आजही बदललेलं नाही.

या रस्त्यावर गाडी चालवणार असाल तर उतारावर गिअर खालचा ठेवा. नुसत्या ब्रेकवर उतरलं की फोर्ट बेपर्यंत ब्रेक तापून ढिले पडतात. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, आणि समोरून गाडी आली की जिथे रुंदी आहे तिथे ज्याला सोयीचं त्याने थांबायचं. पावसानंतर वरून दगड सुटून रस्त्यावर आलेले असतात, त्यामुळे पहाटेच्या फेरीला वेग नको. खरं तर गाडी भाड्याने घ्यायची गरज बहुतेकांना पडत नाही. टॅक्सी मिळते, आणि हात दाखवून लिफ्ट मागणं इथे रोजचं आहे. फक्त वळणावर उभं राहू नका. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं कुणालाच आवडत नाही, म्हणून थोडी सपाटी बघून उभं राहावं.

विमानाचं तसंच. फ्लॅट पॉइंट हा लाव्हा पसरून तयार झालेला एकमेव सपाट तुकडा. गावकऱ्यांनी तो हातांनी साफ केला आणि जवळच्या सेंट बार्ट्स बेटावरच्या रेमी द हाएनेन यांनी ९ फेब्रुवारी १९५९ रोजी तिथे पहिलं विमान उतरवलं. विमानतळ रीतसर सुरू झाला १९६३ मध्ये. पट्टीच्या दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र, एका बाजूला डोंगर. कमी अंतरात उतरणारी आणि उठणारी विमानंच इथे चालतात. अंधार पडल्यावर ही वाहतूक बंद. लोक धावपट्टीच्या लांबीला घाबरतात, पण विमान रद्द होतं ते बहुतेक वेळा आडव्या वाऱ्यामुळे. डोंगरावर आपटून खाली वळणारा वारा पट्टीच्या तोंडाशीच भोवरे करतो.

आता पाणी. बेटावर नदी नाही, ओढाही बारमाही नाही. छपरावरचा पाऊस पन्हाळीतून टाक्यात, ही पद्धत जुन्या घरांत अजून चालू आहे. टाकं घराला लागून किंवा घराखाली, दगडी, आतून गिलावा केलेलं. हिशोब सोपा: १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी. त्यातलं काही उडतं, काही पन्हाळीबाहेर जातं. कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस टाक्यात घ्यायचा नाही. छपरावरची धूळ, पानं आणि पक्ष्यांची घाण धुऊन जाऊ द्यायची, मग नळी जोडायची. चक्रीवादळ येणार असेल तर नळी आधीच काढून टाक्याच्या तोंडाला घट्ट झाकण लावायचं, कारण वारा समुद्राचे तुषार या उंचीपर्यंत आणतो आणि एकदा खारं पाणी आत गेलं की अख्खं टाकं उपसावं लागतं. १९९८ चं जॉर्जेस आणि २०१७ चं इर्मा पाहिलेल्या घरांत हे कुणाला शिकवावं लागत नाही. पाहुण्याने काय करायचं? अंग ओलं करून नळ बंद, साबण लावून पुन्हा चालू. घरमालक बोलून दाखवत नाहीत, पण मोटरचा आवाज ऐकत असतात.

माउंट सीनरीला विंडवर्डसाइडहून १,०६४ पायऱ्या आहेत. चढायला तास ते दीड तास. पायऱ्या असल्यामुळे सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. वरच्या टप्प्यात ढग जवळजवळ कायम असतो, दगडांवर शेवाळं, आणि पाय भाद्रपदातल्या हरिश्चंद्रगडासारखा सटकतो. नक्षी झिजलेले स्पोर्ट शूज चालणार नाहीत. माथ्याजवळ ढगांतलं खुरटं जंगल आहे: झाडनेचे, हत्तीच्या कानाएवढी पानं, खोडांवर शेवाळ्याचे गोळे. तिथले मोठे माउंटन महोगनी वृक्ष जॉर्जेसने मोडले, त्यामुळे जुन्या प्रवाशांनी वर्णन केलेली दाट सावली आता तशी नाही. वर जाऊन पांढऱ्याफटक ढगापलीकडे काही न दिसणं हे अगदी नेहमीचं. सकाळी गावातून माथा मोकळा दिसला की बाकीचे बेत सोडून निघावं.

पाण्याखालचं साबा वेगळंच आहे. किनाऱ्यापासून ६० मीटर खोलीपर्यंतचा सगळा वेढा १९८७ पासून मरीन पार्कमध्ये येतो. डायव्हिंग करणारे एक गोष्ट विसरतात: समुद्रसपाटीवरून वर आलात की गाडी तुम्हाला लगेच ४०० मीटरवर नेते. त्याच दिवशी माउंट सीनरी चढणं म्हणजे शरीरात राहिलेल्या नायट्रोजनला बुडबुडे करायला आमंत्रण. डोंगर आधी, डायव्हिंग नंतर, आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानाला किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस. समुद्रस्नानासाठी येणाऱ्यांची मात्र निराशा होते. वेल्स बेची वाळू वसंतात येते आणि हिवाळ्याच्या लाटा ती घेऊन जातात. विमानतळाजवळच्या कोव्ह बेला माणसांनी केलेला छोटा किनारा आहे, मुलांना तेवढा पुरतो.

बेटावरचे पुरुष कित्येक पिढ्या जहाजांवर असत, पुढे अरुबा आणि कुरसाओच्या तेल शुद्धीकरण कारखान्यांत. घरं बायकांनी चालवली, आणि त्यांच्या हाती पैसा आला तो लेसमुळे. मेरी गर्ट्रूड जॉन्सन या मुलीला शिकायला काराकासच्या कॉन्व्हेंटमध्ये पाठवलं होतं, तिने तिथून हे काम आणलं. काम असं: घट्ट विणीचं लिनन ताणून बसवायचं, धागे मोजून ठरावीक पट्ट्यातले एका दिशेचे धागे ओढून काढायचे, आणि उरलेल्या उघड्या धाग्यांचे झुपके सुईने बांधत जाळी उभी करायची. मोजणीत एक धागा चुकला की झुपके विषम होतात आणि पट्टीच्या शेवटाला नक्षी जुळत नाही. मधेच सुधारता येत नाही, कारण काढलेला धागा परत घालता येत नाही. विक्री पोस्टाने चाले. अमेरिकेहून आलेल्या मालाच्या खोक्यांवरचे पत्ते उतरवून घेऊन या बायका त्या पेढ्यांना पत्रं लिहीत. जाहिरातीचा खर्च शून्य! आज करणाऱ्या थोड्याच उरल्या आहेत. रुमालाची किंमत ऐकून घासाघीस करायची इच्छा झाली तर आधी भिंगातून एक इंच जाळी बघा.

त्याच घरांत साबा स्पाइस मिळतं: रममध्ये दालचिनी, लवंग, जायफळ, बडीशेप आणि ब्राउन शुगर. प्रमाण घराघराचं वेगळं, आणि ते कुणी सांगत नाही. घेताना बाटलीचं बूच घट्ट आहे ना ते पाहा. सैल असेल तर सामानातले कपडे चिकट होतात आणि वास महिनाभर जात नाही.

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी. चलन अमेरिकी डॉलर, २०११ पासून. वीज ११० व्होल्टची, अमेरिकी पिनांची. मोबाइलचा चार्जर चालेल, भारतातून नेलेली इस्त्री किंवा पाणी तापवायची कॉइल नीट तापणार नाही. दुकानांतली भाजी मालाच्या बोटीवर अवलंबून, त्यामुळे बोट येण्याच्या आदल्या दिवशी कांदे-बटाटे आणि टिनच्या डब्यांवर भागवायची तयारी ठेवा. शाकाहारी मंडळींनी थोडी डाळ आणि मसाला बरोबर ठेवला तर स्वयंपाकघर असलेली खोली घेणं फायद्याचं. व्हिसाचं नीट पाहा: साबा नेदरलँड्सचं असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसा क्षेत्रात, नाही, आणि वाटेवरचं सिंट मार्टेन हा डच राज्याचा वेगळा भाग आहे. दोन्हीकडचे नियम तिकीट काढण्याआधी तपासा, नुसत्या एकदाच वापरायच्या शेंगेन व्हिसाच्या भरवशावर निघू नका.

परतीचं आखताना सिंट मार्टेनहून सुटणारं मोठं विमान आणि साबाहून निघणं एकाच दिवशी ठेवू नका. वारा फिरला की सकाळचं ट्विन ऑटर दुपारवर जातं, दुपारचं उद्यावर. त्याच वाऱ्याने समुद्रही उठलेला असेल तर फेरीचंही तसंच होतं. मधे एक रात्र सोडा आणि ती सिंट मार्टेनच्या बाजूला काढा, साबाच्या नाही.