उरणच्या खाडीत: तिवरांना भरती हवी

जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते आणि तो प्रवास सुखाचा आहे. बाजार आणि किनारा पाहण्यात माझा बाकीचा दिवस गेला, पण लिहावेसे वाटते ते खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातील वयस्क नाखव्यांच्या होडीत घालवलेल्या सकाळीविषयी.

ओहोटीची सुकती लागण्याआधी त्यांनी होडी एका अरुंद फाट्यात घातली. दोन्ही काठांवर तिवरांची गर्द झाडी होती, चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांच्या दाटीत बोयटांची बोटभर पिल्ले फिरत होती आणि आमची चाहूल लागताच चिखलातले छोटे मासे, निवट्या, बिळांत शिरत होत्या. पाग, म्हणजे फेकजाळे, कुठे टाकायचा आणि चिंबोऱ्यांसाठी फग, म्हणजे खेकड्यांचे सापळे, कुठे सोडायचे हे नाखवा पाण्याची ओढ पाहून ठरवत होते, आणि जाळ्यात आलेली बारीक पिल्ले न बोलता परत पाण्यात टाकत होते.

पुढच्या फाट्याशी मात्र त्यांनी होडी थांबवली. भराव घालून केलेल्या रस्त्यापलीकडची तिवरे उभ्या उभ्या वाळली होती, आणि त्यांपैकी एकाही झाडावर कुऱ्हाडीचा घाव नव्हता. भरावाखालचे पाइप इतके उंच बसवले आहेत की अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातच पाणी आत जाते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीच्या, दिवसांत ते पोहोचत नाही, चिखल तापतो, त्यात मीठ साचत जाते आणि मुळे मरतात. नाखवा म्हणाले, "पानी आत आला तं म्हावरा येल, ताई. नुसती झारां राखून काय व्हनार?"

मला हे फार लागले, कारण कांदळवने, म्हणजे तिवरांची ही जंगले, राखण्यासाठी आपण पुष्कळ केले आहे असा माझा समज होता. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली, राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला, आणि २०१८ च्या निकालाने कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. तरीही भरती अडवणारा भराव ही तोडच आहे, हे आपल्या मनात अजून रुजलेले नाही. याच भागातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपयांची भरपाई द्यावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला होता, आणि बंदराच्या कामांमुळे भरतीचे पाणी अडणे व कांदळवने नष्ट होणे हेच त्या दाव्याच्या मुळाशी होते. पैशाने कुटुंबाला आधार मिळतो, पण आटलेल्या फाट्यात पिल्ले वाढत नाहीत.

दुपारी त्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचे कालवण जेवलो. कोणत्याही खानावळीत इतक्या आपुलकीने मला कोणी वाढलेले नाही. जेवणानंतर नाखव्यांनी वाड्याने दिलेल्या अर्जाची प्रत दाखवली. पाइप हातभर खाली बसवावेत एवढीच त्यात मागणी आहे, आणि सोबत उधाणाच्या व भांगाच्या पाण्याची पातळी दाखवणारा, हाताने काढलेला नकाशा जोडला आहे. तो अर्ज अजून उत्तराविना पडून आहे.