ओळीखाली बोट धरून

माझ्या आजीला वयाची तिशी उलटेपर्यंत अक्षरओळख नव्हती. नेवासे तालुक्यातल्या ज्या खेड्यात ती लग्न होऊन आली, तिथे आठवड्यातून दोनदा एक बायबलबाई, म्हणजे घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या बाई, येत असत. त्यांनी आजीला कंदिलाच्या उजेडात पाटीवर बाराखडी गिरवायला लावली, आणि बाराखडी संपल्यावर पुढे वाचायला घरात एकच पुस्तक होते, ते म्हणजे पवित्र शास्त्र, अर्थात बायबल. उजव्या हाताची तर्जनी ओळीखाली धरायची, एकेक अक्षर मोठ्याने उच्चारायचे, आणि शब्द पुरा झाला की तो पुन्हा एकदा सलग म्हणून पुढे सरकायचे, अशी तिची वाचण्याची रीत होती. योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, ज्यात शोमरोनी बाई विहिरीवर पाण्याला येते आणि तिथे तिला येशू भेटतो, तो वाचायला तिला पाऊण तास लागे. ते शास्त्र आता माझ्याकडे आहे. त्या अध्यायाच्या पानांवर बोट फिरून फिरून ओळींखाली फिकट तपकिरी पट्टे उमटले आहेत, आणि ती बाई आपली घागर तिथेच टाकून गावातल्या लोकांना बोलवायला जाते त्या ओळीपाशी कागद इतका विरला आहे की मागच्या पानावरची अक्षरे दिसतात.

मी शिकलेली, शिक्षिका झालेली. नोकरी लागल्यावर वर्षभरात संपूर्ण शास्त्र वाचून काढण्याचा तक्ता मी देवघराऐवजी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावला होता, कारण पहाटे माझा वावर तिथेच असे. ६६ पुस्तके, १,१८९ अध्याय, म्हणजे रोजचे तीन-चार अध्याय. नळाला पाणी यायच्या आधी ते वाचून घ्यायचे आणि तक्त्यावर खूण करायची. लेवीयातले नियम, गणनेतल्या याद्या, दाविदाची स्तोत्रे आणि प्रभूचे दुःखसहन हे सगळे मी एकाच वेगाने वाचत असे. सलग पाच वर्षे तो तक्ता पुरा झाला आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याबद्दल माझे कौतुकही झाले. जशी वाचत होते, तशीच मी बोलतही होते. कोणी काही दुखणे सांगितले की त्याचे बोलणे संपायच्या आत माझ्या ओठांवर वचन तयार असे, आणि त्यालाच मी साक्ष देणे समजत होते.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका बाईंचा एकुलता एक मुलगा तापाने गेला. तेरावे झाल्यानंतर त्या शाळेत आल्या, त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली, त्यांचा हात हातात घेतला आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन त्यांना सांगितले, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. त्यांनी आपला हात सोडवून घेतला, पुढ्यातली वही उघडली आणि लाल शाईचे पेन उचलले. ती वही आधीच तपासून झालेली होती. त्यानंतर कितीतरी महिने त्या आमच्याबरोबर डबा खायला बसल्या नाहीत.

ते वचन खरे आहे आणि त्यावर माझा आजही पूर्ण विश्वास आहे. पण त्या रात्री तोच अध्याय मी बऱ्याच वर्षांनी सावकाश वाचला, तेव्हा लक्षात आले की ते पत्र लिहिणारा पौल अठ्ठाविसाव्या वचनापर्यंत एकदम येत नाही. त्याआधी तो सांगतो की सबंध सृष्टी कण्हत आहे, मग म्हणतो की आपणही आपल्या ठायी कण्हतो, आणि शेवटी म्हणतो की आपण कशी प्रार्थना करावी हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून आत्मा स्वतः शब्दांनी सांगता येणार नाही अशा कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. तीन वेळा कण्हणे येऊन गेल्यावर ते वचन येते. आजीच्या बोटाला ती तिन्ही कण्हणी लागली असती. मी मात्र ती ओलांडून थेट उत्तरावर जाऊन पोहोचले होते, आणि ते उत्तर मी अशा आईच्या हातात ठेवले होते जिला अजून रडायलाही नीट सवड मिळाली नव्हती.

पुढे मी ईयोबाचे पुस्तक काढले. ईयोबाची मुले दगावल्यावर अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र लांबून त्याला भेटायला येतात, तो ओळखूही येत नाही म्हणून मोठ्याने रडतात आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहतात. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून त्यांच्यातला कोणी एक शब्दही बोलत नाही. या मित्रांची आपल्याकडे प्रवचनांतून नेहमी निंदा होते, परंतु हे सात दिवस त्यांच्या खात्यावर लिहायला हवेत असे मला वाटते. मी सात मिनिटेही गप्प बसले नव्हते. ते चुकले ते आठव्या दिवसापासून, जेव्हा त्यांनी ईयोबाला त्याच्या दुःखाचा अर्थ समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांची बरीचशी वाक्ये सुटी काढून पाहिली तर धर्माला धरूनच आहेत. तरीही बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर त्यांना म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही. देवाच्या बाजूने बोलताना देवाविषयीच अयथार्थ बोलले जाऊ शकते, हे वाचून मला भीती वाटली आणि ती वाटायलाच हवी होती.

सुवार्ता सांगण्याचे सोडून द्यावे असे मात्र मला कधी वाटले नाही. ज्या प्रभूने मला सावरले त्याच्याविषयी मौन पाळणे म्हणजे शेजाऱ्याच्या घरी अंधार असताना आपला दिवा झाकून ठेवणे होय. प्रश्न कसे सांगावे याचा होता, आणि त्याचे उत्तर मला पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायात एका मराठी शब्दात सापडले. पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया या प्रांतांत विखुरलेल्या, आजूबाजूच्या लोकांच्या संशयाला तोंड देणाऱ्या विश्वासणाऱ्यांना पेत्र लिहितो की तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सिद्ध असा, तरी ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'फोबोस' हा शब्द आहे आणि त्याचा सरळ अर्थ भय असा आहे. आपल्या भाषांतरकारांनी तिथे भीड आणली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. भीडस्त हा शब्द आपण बहुधा उणेपणा म्हणून वापरतो. मूल भीडस्त आहे, चारचौघांत बोलत नाही, असे म्हणतो. पण भीड म्हणजे समोरच्याचा मान मनात धरून आपला शब्द आवरणे, दुसऱ्याच्या उंबरठ्यावर थांबून आत येऊ का असे विचारणे. शिवाय त्या वाक्यात उत्तर द्यायचे आहे ते विचारपूस करणाऱ्याला. शाळेतल्या त्या बाईंनी मला काहीच विचारले नव्हते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातला फिलिप्प हे जाणत होता. यरुशलेमेहून गज्जाकडे जाणाऱ्या वाटेवर कूश देशाच्या कंदाके राणीचा एक मोठा अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत चालला आहे. तो मोठ्याने वाचत असल्याने फिलिप्पाला ते ऐकू येते आणि फिलिप्प धावत जवळ जातो, परंतु त्याचे पहिले वाक्य म्हणजे प्रश्न आहे: आपण वाचता ते आपल्याला समजते काय? तो अधिकारी म्हणतो की कोणी मार्ग दाखवल्याशिवाय मला कसे समजणार, आणि आपण होऊन त्याला वर शेजारी येऊन बसण्याची विनंती करतो. मग फिलिप्प त्याच्या मांडीवर जे पान उघडे होते, तिथूनच आरंभ करतो. वाटेत पाणी लागते, बाप्तिस्मा होतो, आणि आत्मा फिलिप्पाला तिथून नेतो. तो अधिकारी पुढे कोणत्या मंडळीत गेला, त्याने किती जणांना सांगितले, याचा काही हिशेब हा ग्रंथ लिहिणारा लूक देत नाही. तो आनंद करीत आपल्या वाटेने चालला, एवढेच लिहितो.

आपल्या महाराष्ट्रातही शास्त्र असेच हातोहात पोहोचलेले आहे. नारायण वामन टिळक १८९३ मध्ये आगगाडीने राजनांदगावला निघाले असताना डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या, त्या संस्कृत काव्याविषयी. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि तो अभ्यासण्याचे वचन घेतले. टिळकांनी शब्द पाळला, आणि मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाचे नाव त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तर सांगणारे कोणी समोरही नव्हते. सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली, आणि ती तिथे कशी आली हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पुढे इंग्लंडमध्ये पतित मानलेल्या स्त्रियांना आसरा देणाऱ्या एका घरात एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय, म्हणजे माझ्या आजीचा अध्याय, वाचून दाखवला. ज्या रमाबाईंना स्त्री म्हणून कोणते दरवाजे बंद आहेत हे शास्त्री-पंडितांच्या सभांतून पुरेपूर कळले होते, त्यांना विहिरीवर एका बाईशी उपासनेविषयी बोलत बसलेला ख्रिस्त तिथे भेटला. नंतर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायांना कळेल अशा मराठीत सबंध शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते शास्त्र केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे तिथल्या स्त्रियांनी जुळवले होते.

टिळकांची गोष्ट सांगताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना विसरून चालणार नाही. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांनी जी वर्षे दुराव्यात आणि अश्रूंत काढली, ती वाचली म्हणजे कळते की एखाद्याच्या हातात नवा करार ठेवणे ही किती जोखमीची गोष्ट आहे. त्यांनी स्वतः १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला तो आपल्या पायांनी चालत येऊन. म्हणून जिथे आमिष आहे, धाक आहे किंवा उपकाराची परतफेड अपेक्षित आहे, तिथे सुवार्ता उरतच नाही असे माझे ठाम मत आहे. विहिरीवर प्रभूने काही देऊ करण्याआधी त्या बाईकडे पाणी मागितले होते.

मी तो तक्ता भिंतीवरून काढला आणि आजीसारखे ओळीखाली बोट धरून वाचू लागले. गेल्या वर्षी उत्तरपत्रिकांच्या कामासाठी त्या बाई आणि मी शेवगावच्या एसटीत एकाच बाकावर बसलो होतो. मधल्या वर्षांत आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले होते, पण ते शाळेपुरते. त्यांनी माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहून विचारले, "बाई, तुम्ही अजून बोट धरून वाचता?" मी हो म्हटले. "काय आहे तिथं?" त्या दिवशी योहानाचा अकरावा अध्याय आला होता. मी सांगितले की दोन बहिणी आहेत, त्यांचा भाऊ वारून चार दिवस झाले आहेत, आणि आपण दुसरे काही बोलू या का असेही विचारले. त्या म्हणाल्या, "नको. मोठ्यानं वाचा."

मी वाचत गेले. मार्था येशूला गाठून म्हणते, "प्रभुजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." पुढे मरीया येते आणि त्याच्या पाया पडून तेच म्हणते. तेवढ्यात बाईंनी माझ्या बोटाशेजारी आपले बोट टेकवले. "थांबा. हे मघाशी पहिलीनं म्हटलं होतं ना? अगदी हेच?" मी पान उलटून पाहिले. वाक्य तेच होते. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "म्हणजे चार दिवस त्या दोघी घरात हेच बोलत असणार. आम्ही पण तेच बोलायचो. आधी नेलं असतं तर, आधी नेलं असतं तर."

लहानपणापासून मी हा अध्याय ऐकत आले आहे, कितीतरी दफनांच्या वेळी तो वाचलेला मला आठवतो, पण त्या दोन वाक्यांमागचे चार दिवस मला कधी दिसले नव्हते. थोडे पुढे एक वचन दोनच शब्दांचे आहे: येशू रडला. ते वाचून मी पुस्तक मिटले आणि शेवगाव येईपर्यंत आम्ही दोघी गप्प बसून होतो.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाते. विठ्ठल-रखुमाईपुढे त्यांची दिवाबत्ती झाली की आम्ही खाटेवर बसतो आणि लूक वाचतो, एका वेळी दहा-पंधरा वचने, त्याहून जास्त नाही. त्यांनी प्रभूला ओळखावे अशी माझी इच्छा आहे आणि ती मी त्यांच्यापासून लपवलेली नाही. त्यावर त्या, "तुम्ही वाचा," एवढेच म्हणाल्या होत्या. मी रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करते, हेही त्यांना माहीत आहे.

गेल्या गुरुवारी सातवा अध्याय आला. त्यात नाईन गावाची वेस आहे, आणि वेशीतून बाहेर काढलेला एक मुलगा आहे, आपल्या विधवा आईचा एकुलता एक. तो भाग टाळून पुढे जावे असे मला आदल्या रात्रीपासून वाटत होते. मी त्यांना काय आहे ते आधीच सांगितले आणि विचारले. त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "वाचा." मी वाचले: प्रभूला त्या आईचा कळवळा आला, त्याने जवळ जाऊन तिरडीला हात लावला, आणि तो मुलगा उठून बसला व बोलू लागला. मग त्याने त्याला त्याच्या आईजवळ दिले.

बाईंनी विचारले, "काय बोलला तो?"

मी ओळ पुन्हा पाहिली, पुढची आणि मागचीही. "ते लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"बघा नीट," त्या म्हणाल्या, आणि चष्मा लावून स्वतःच त्या ओळीवरून बोट फिरवू लागल्या.