पाचची नाणी आणि पियानोची पट्टी

सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे जुना ग्रँड पियानो आहे. यंदाच्या ऑगस्टमध्ये पट्ट्या जड झाल्याची तक्रार त्यांनी केली आणि बोटाकडचे टोक सहज खाली जावे म्हणून पट्ट्यांच्या पुढच्या भागात थोडे शिसे भरून घ्यावे का, असे विचारले. सुदैवाने एप्रिलमध्ये निव्वळ कुतूहलापोटी केलेली मोजणी माझ्या वहीत शिल्लक होती.

पट्टी सुमारे १० मिलिमीटर दबते, तारेवर आदळणारी हातोडी मात्र सुमारे ४५ मिलिमीटर उसळते. पट्टी, मधला दांडा आणि हातोडीची दांडी या एकमेकींना ढकलणाऱ्या तीन तरफा असून त्यांच्या गुणोत्तरांचा गुणाकार साधारण ५ येतो.

मोजणीची रीत सोपी आहे. उजवे पेडल दाबून डॅम्परचा (तारेचा नाद थांबवणाऱ्या गादीचा) भार दूर करायचा आणि पट्टीच्या टोकावर पाच रुपयांची, प्रत्येकी ६ ग्रॅमची पितळी नाणी रचायची. मधल्या ‘सा’ची पट्टी (आमच्या पेटीवाल्यांची भाषा सुटत नाही!) एप्रिलमध्ये ९ नाण्यांनी, म्हणजे ५४ ग्रॅमला, हळूहळू खाली गेली आणि दाबलेली पट्टी ४ नाण्यांसह, म्हणजे २४ ग्रॅम घेऊन, वर आली. घर्षण खाली जातानाही अडवते आणि वर येतानाही. त्यामुळे दोन्ही आकड्यांच्या फरकाचे अर्धे, म्हणजे १५ ग्रॅम, हे घर्षण आणि बेरजेचे अर्धे, म्हणजे ३९ ग्रॅम, हा यंत्रणेचा खरा तोल.

ऑगस्टमध्ये तीच पट्टी ६६ ग्रॅमला खाली गेली आणि जेमतेम १२ ग्रॅम घेऊन वर आली. तोल पुन्हा ३९, घर्षण मात्र २७! वजन कुठेच वाढलेले नव्हते. दमट हवेने फुगलेले लाकूड आणि सांध्यांतले फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे कापड) पट्टीला धरून ठेवत होते.

शिसे भरण्यास मी विरोध केला, त्याचे आणखी एक कारण आहे. १० ग्रॅमची हातोडी स्थिर असताना बोटाला ५० ग्रॅमची वाटते, परंतु तिचा वेगही पट्टीच्या पाचपट असल्याने जडत्व गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे २५ पटींनी वाढते आणि जलद वादनात तीच हातोडी २५० ग्रॅमसारखी भासते. शिशाने नाण्यांचा आकडा कमी होतो, जडत्वात मात्र भरच पडते.

तूर्त पियानोला हात लावायचा नाही आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा नाणी रचायची, असे ठरले आहे.