सागाखालची माती, येनाखालची माती: माझा अनुभव

आमच्या ग्रामसभेला वनहक्क कायदा २००६ प्रमाणे सामूहिक हक्क मिळाले आणि जंगलाचा आराखडा करायची वेळ आली. गावाच्या एका अंगाला सागाची जुनी लागवड आहे. तिला लागूनच येन (म्हणजे ऐन), मोहा, तेंदू, बिजा, धावडा, बांबू असं मिश्र जंगल. मधल्या मोकळ्या पट्ट्यात काय लावायचं, यावरून सभेत चांगलीच खडाजंगी झाली. पोरं म्हणत होती, साग लावा, पैसा येईल. आबाजी एकाच वाक्यावर अडून बसले: "सागाखालची माती मेली हाये, येनाखालची जित्ती हाये." ते तपासून सांगायचं काम समितीनं माझ्याकडे दिलं. इथं गडचिरोलीकडे अशी कामं आता बऱ्याच ग्रामसभांपुढे येतील, म्हणून केलं ते लिहिते.

आधी माती परीक्षणाला दिली. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक येतात: सामू (आम्ल-विम्लपणा), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत येणारा कार्बन), नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त-लोहासारखी सूक्ष्म द्रव्यं. मिश्र जंगलाचा सेंद्रिय कर्ब सागापेक्षा बराच जास्त निघाला. पण जिवाणू आणि बुरशीचा रकाना त्या पत्रिकेत नसतोच, आणि आबाजींचा मुद्दा तर तोच होता.

म्हणून माती श्वास किती घेते ते पाहिलं. मातीतले जीव आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्यानं चुन्याची निवळी पांढरी होते. दोन्हीकडची वरची चार बोटं माती आणली. उन्हात वाळवली नाही, नाहीतर मोजायचे तेच जीव मरतात. वजन सारखं, ओल सारखी. झाकणाच्या बरण्यांत माती आणि तिच्यावर खायच्या पानाच्या चुन्याची निवळी भरलेली छोटी वाटी. एक बरणी माती न घालता ठेवली, कारण नुसत्या हवेनंही थोडी साय धरते. सकाळी मिश्र जंगलाच्या बरणीत जाड पांढरी साय होती, सागाच्या बरणीत पातळ पापुद्रा. सभेत ही बरणी हातोहात फिरली. पत्रिकेतल्या आकड्यांनी जे पटलं नव्हतं ते इथं पटलं.

तरी माझं समाधान होईना. दोष सागाच्या पानाचा की त्या जागेचा? हे वेगळं काढल्याशिवाय सागाला नावं ठेवणं अन्याय झाला असता. मग मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या. साग, येन आणि करंज यांची वाळलेली पानं किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून त्यात भरली आणि तिन्ही प्रकार दोन्ही जागी पाचोळ्याखाली ठेवले. मिरगाच्या पावसानंतर ठेवल्या, दिवाळीनंतर काढल्या. अशा जाळीतून गांडुळं आणि मोठे किडे आत शिरत नाहीत, बुरशी आणि जिवाणू शिरतात.

करंजाचं पान दोन्हीकडे जवळजवळ संपलं होतं. त्यात नत्र भरपूर, म्हणूनच शेतकरी ते हिरवळीच्या खतात वापरतात, आणि असं मऊ खाद्य जिवाणूंना लगेच पचतं. येनाचं पान चिवट, टॅनिनचं (तुरट द्रव्याचं). ते दोन्हीकडे पुष्कळ उरलं होतं, पण मिश्र जंगलातल्या पिशवीत त्याच्यावर पांढऱ्या बुरशीचे धागे पसरलेले. आणि साग? मिश्र जंगलात त्याच्या नुसत्या शिरांची जाळी उरली होती. स्वतःच्याच झाडाखाली मात्र त्याच पानाचा गर बराचसा शाबूत.

म्हणजे सागाचं पान वाईट नाही. ते कुजवणारे जीव त्याच्याखाली पुरेसे नाहीत, इतकंच. आमच्या सागाखाली दुसरं झुडूप टिकलेलं नाही, उन्हाळ्यात पाचोळा जळतो, आणि मोठ्या पानांवरून गळणारे जाड थेंब उघड्या जमिनीची वरची माती धुऊन नेतात. येनाचं पान लवकर कुजत नाही, हाच त्याचा मोठा उपयोग मला वाटतो: जमीन झाकलेली राहते, ओल टिकते आणि बुरशीला वर्षभर घर मिळतं. मऊ पान आणि चिवट पान दोन्ही पडत राहिलं तर जिवाणूंचंही भागतं, बुरशीचंही.

झाडागणिक मुळांतले सोबतीही वेगळे. पलीकडे बस्तरात साल वृक्षाच्या जंगलात बोडा (जमिनीत येणारी खायची बुरशी) निघतो, कारण ती बुरशी सालाच्या मुळांशी जोडलेली असते. (आपल्या सात्यांचं, म्हणजे पावसाळी अळंबीचं, तसं नाही, त्या वारुळातल्या उधळीनं, म्हणजे वाळवीनं, पोसलेल्या बुरशीच्या.) साग आणि बांबू यांच्या मुळांत शिरणारी बुरशी डोळ्यांना दिसत नाही, पण स्फुरद आणून देते. बिजा, शिसम, करंज, खैर यांच्या मुळांवर हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या गाठी येतात. पावसाळ्यात करंजाचं रोप हलक्या हातानं उपटून गाठ कापली तर आत गुलाबी रंग दिसतो. तो दिसला की समजायचं, काम चालू आहे. शेंगा आहेत म्हणजे गाठी असतीलच असं मात्र नाही. बहाव्याला हातभर शेंगा येतात, मुळावर गाठ नाही. चिंचेलाही नाही. निवड करताना हे आम्हाला फार उपयोगी पडलं.

सभेत ठरलं ते असं: साग राहील, पण एकटा नाही. मध्ये बिजा, शिसम, करंज, आणि येन-मोहा हे असणारच. रोपवाटिकेत पिशव्या भरताना त्या त्या जातीच्या जुन्या झाडाखालची थोडी माती मिसळायची, म्हणजे रोपाला त्याचे सोबती सुरुवातीपासून मिळतील. ही माती वेगवेगळ्या झाडांखालून ओंजळ-ओंजळ घ्यायची, एकाच जागी खड्डा करायचा नाही.

आगीचा प्रश्न त्याहून अवघड. मोहफूल नीट दिसावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्याऐवजी जुनी लुगडी नाहीतर जाळी अंथरायला बचत गटातल्या बाया तयार झाल्या आहेत. तेंदूच्या झुडपांना नवी पालवी यावी म्हणून लावली जाणारी आग थांबवायचा ठराव पुढच्या सभेत मांडणार आहे. हंगामाच्या मजुरीचा प्रश्न असल्यानं त्याला विरोध होईल. तोवर आगीविना तेंदूच्या झुडपांची छाटणी कशी करतात ते आमच्याच जंगलाच्या एका तुकड्यावर करून दाखवायचं ठरवलं आहे.