पाय शेकायला तटाबाहेर

शांघायचे तीन दिवस मॉल आणि मेट्रोत गेले. नानजिंग मात्र डोक्यातून जात नाही.

तिथे छिनह्वाय नदीकाठी राजाचे अधिकारी निवडायच्या परीक्षेचं जुनं परीक्षागृह आहे, आता तिथे संग्रहालय झालंय. छिंग या चीनच्या शेवटच्या राजवटीच्या अखेरीस इथे परीक्षार्थींसाठी २०,६४४ खोल्या होत्या. खोल्या कसल्या, दार नसलेले कोनाडेच. दोन फळ्या असायच्या. एक वर, एक खाली अडकवली की मेज आणि बाक, रात्री दोन्ही एका पातळीत आणल्या की अंथरूण. परीक्षेच्या तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला दोन रात्री आतच. तशा एका नमुन्याच्या कोनाड्यात मी बसले. पाय पसरता येईनात. मागे फोटोसाठी रांग लागली होती, म्हणून उठावं लागलं.

बाहेरच्या बाजारात चिडले. जिकडेतिकडे पहिल्या आलेल्याचा, च्वांगयुआनचा उदोउदो. त्याच्या नावाची पेनं, त्याच्या नावाची मिठाई. नापास झालेल्या हजारोंचं काय झालं, हे कोणीच सांगत नाही. १९०५ साली परीक्षा बंद होईपर्यंत पिढ्यानपिढ्या माणसं इथे येऊन हात हलवत परत गेली. खालची शिउत्साय ही पदवी मिळाली तरी मान मोठा: न्यायाधिकाऱ्यापुढे गुडघे टेकायचे नाहीत, वेठबिगार माफ. शेतकरी, कारागीर, व्यापारी सगळे त्याच्या खाली. पण पदवीबरोबर नोकरी मिळत नसे. मग कुणाच्या तरी घरी पोरांना अक्षरं शिकवायची आणि पंडिताचा लांब झगा जपत अर्धपोटी राहायचं. मजुरी करावी, तर अब्रू जाणार.

याच नदीकाठी कादंबरीकार वू जिंग्झ राहायचा. जन्म १७०१चा. पणजोबांच्या पिढीतले चार भाऊ सर्वोच्च परीक्षा पास झालेले, हा मात्र शिउत्सायच्या पुढे गेला नाही. घरची दौलत दोन्ही हातांनी वाटून टाकली आणि १७३३ साली नानजिंगला आला. अगदीच भागेना तेव्हा पुस्तकं देऊन तांदूळ आणायचा. परीक्षेच्या मागे लागलेल्या पंडितांवरची त्याची कादंबरी चीनमध्ये आजही वाचतात.

त्याच्या मित्राने लिहून ठेवलेली एक गोष्ट मला सोडत नाही. कडाक्याची थंडी, घरात ना दारू ना अन्न. मग वू पाच-सहा मित्रांना घेऊन चांदण्यात शहराच्या तटाच्या दक्षिण दरवाजातून बाहेर पडायचा. गात, ओरडत, एकमेकांना साद देत तटाच्या कडेने मैलोन्‌मैल चालायचे, पहाटे पश्चिमेच्या शुइशी दरवाजातून आत यायचे आणि हसत आपापल्या घरी जायचे. असं रोज रात्री. याला ते ‘पाय शेकणं’ म्हणत.

वाचून घसा दाटून आला होता. म्हणून जानेवारीतल्या त्या रात्री मीही निघाले. आधी बदकाच्या रक्ताचं शेवयांचं गरम सूप प्यायले. दुकानातल्या बाईंनी न मागता गरम पाण्याचा ग्लास भरून दिला, तो हातात धरूनच बाहेर पडले. तोच दक्षिण दरवाजा, आता त्याला चुंगहुआ म्हणतात. तट अजून उभा आहे, काळाकभिन्न, प्रचंड. नाक बधिर झालं, बोटं दुखायला लागली. पाय गरम व्हायला तासभर लागला, तोही लोकरीच्या मोज्यांत आणि भरल्या पोटी.

शुइशी दरवाजा आता उरलेला नाही. तो जिथे होता तिथल्या चौकात मी बराच वेळ उभी होते.