शंभर फूट आणि शेजाऱ्याची विहीर

मॅसॅच्युसेट्समध्ये घर बघणाऱ्या मराठी मंडळींचा मला हमखास फोन येतो. "एजंट म्हणतो टायटल फाइव्ह पास आहे. म्हणजे घ्यायला हरकत नाही ना?" मी आमच्या गावच्या बोर्ड ऑफ हेल्थवर, म्हणजे आरोग्य मंडळावर आहे, म्हणून मला विचारतात. फोनवर पाच मिनिटांत हे सांगून होत नाही, तेव्हा आज जरा सविस्तर लिहिते.

बॉस्टनपासून थोडं लांब गेलं की कितीतरी गावांत गटाराची लाइनच नाही. घरातलं सांडपाणी घराच्याच अंगणात जिरतं. आधी सेप्टिक टाकी, पुढे लीच फील्ड, म्हणजे आपल्याकडचा शोषखड्डाच, पण आडवा पसरलेला. पुष्कळ ठिकाणी त्याच अंगणात पिण्याच्या पाण्याची बोअरही असते. या दोन्हींना एकमेकांपासून लांब ठेवणारा राज्याचा नियम म्हणजे टायटल फाइव्ह. लीच फील्ड खासगी विहिरीपासून 100 फूट आणि पाणथळ जागेपासून 50 फूट दूर हवं. बेडरूममागे दिवसाला 110 गॅलन सांडपाणी धरून सगळा आराखडा करायचा. घर विकताना तपासणी होते, आणि नापास झालं तर साधारणपणे दोन वर्षांत दुरुस्ती करावी लागते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो खोलीचा नियम. फील्डचा तळ आणि जमिनीखालचं पाणी यांच्यात किमान 4 फूट माती हवी, पाणी भरभर झिरपणारी वाळू असेल तर 5 फूट. ही माती गाळणीचं काम करते. पाण्याची पातळी मात्र आज दिसते ती धरायची नाही, वर्षातली सगळ्यात वरची धरायची. ऑगस्टमध्ये जेसीबीने खड्डा घेतला की तो ठणठणीत कोरडा दिसतो. तज्ज्ञ आत उतरतो, खड्ड्याच्या भिंतीवरची माती सुरीने खरवडतो आणि करड्या मातीत तांबूस ठिपके कुठून सुरू होतात ते बघतो. वसंतात बर्फ वितळून पाणी जिथवर चढतं, तिथवर मातीतलं लोखंड असे डाग सोडतं. मालक म्हणतात, "अहो, इथे कधी पाणी बघितलंच नाही!" पण ठिपके असतील तर मी मातीचं ऐकते.

राज्यात 351 शहरं आणि गावं आहेत आणि आरोग्याचा हा कारभार ज्याच्या त्याच्या बोर्डाकडे आहे. (बॉस्टनच्या बोर्डाचा 1799 मधला पहिला अध्यक्ष होता पॉल रिव्हिअर, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश फौज येत असल्याची खबर देणारा तोच तो घोडेस्वार.) नियमात न बसणारं प्रकरण आलं की सवलत मागायला लोक आमच्यासमोर येतात. काही सवलती आमच्या हातात असतात, त्यापलीकडचं राज्याच्या पर्यावरण विभागाकडे जातं.

मागे एक प्रकरण आलं होतं. तळ्याकाठचं जुनं घर, एके काळी उन्हाळ्यापुरतं वापरायचं. त्यात आता एक वयस्कर बाई बारा महिने राहतात. जुना दगडी खड्डा भरून वर यायला लागला होता. नवं फील्ड बसवायला जागा एकच, आणि तिथून शेजाऱ्याची विहीर 82 फुटांवर. दुसऱ्या बाजूला पाणथळ, मागे तळं. शेजाऱ्यांना रजिस्टर्ड पत्रं गेली होती. त्यातला एक तरुण बाप विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट घेऊन आला आणि म्हणाला, "आज माझं पाणी चांगलं आहे. पाच वर्षांनी बिघडलं तर मी कुणाकडे जाऊ?"

त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. बाईंचीही काही चूक नव्हती. सवलत नाकारली असती तर गळका खड्डा तसाच राहिला असता, आणि तो त्याच्या विहिरीला जास्त घातक. माझं मत मी तिथेच मांडलं. अंतर कमी करायचं असेल तर ते 18 फूट दुसऱ्या कशाने तरी भरून निघायला हवेत. शेवटी अटी घालून मंजुरी दिली. सांडपाण्यातलं नायट्रोजन कमी करणारं यंत्र बसवायचं आणि त्याच्या देखभालीचा करार कायम ठेवायचा. शेजाऱ्याच्या पाण्याची दरवर्षी तपासणी, खर्च बाईंचा. घर दोन बेडरूमचंच राहील असं खरेदीखताच्या दप्तरी नोंदवायचं, म्हणजे पुढचा मालक वरच्या माळ्यावर गुपचूप तिसरी खोली काढणार नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तान्ह्या बाळांना धोका असतो, आणि त्या शेजाऱ्याच्या घरात बाळ होतं.

बोर्डापुढे खाण्याचे परवानेही येतात. दिवाळीत घरून फराळ विकायचा असेल तर त्यालाही गावचा परवाना लागतो, आणि फ्रिजबाहेर टिकणारेच पदार्थ चालतात. बेसनाच्या लाडवांसाठी अर्ज करता येईल, ओल्या नारळाच्या करंज्यांचं नाव काढू नका. लेबलवर काजू, तूप सगळं लिहायचं.

तर, घर घेणाऱ्यांनो, "पास" या शब्दावर थांबू नका. टाउन हॉलमध्ये जाऊन बोर्ड ऑफ हेल्थकडे त्या पत्त्याची फाइल मागा. ती कुणालाही बघता येते. परवाना किती बेडरूमचा आहे ते जाहिरातीतल्या आकड्याशी ताडून पाहा. जाहिरातीत चार आणि फाइलमध्ये तीन, हे सर्रास दिसतं. आधी कुठली सवलत दिली होती, अटी काय होत्या, त्या पाळल्या गेल्या का, तेही विचारा. आणि शेजारच्या घराबद्दल रजिस्टर्ड पत्र आलं तर जाहिरात समजून फेकू नका. सुनावणी खुली असते, बोलायला वकील लागत नाही. इंग्रजी अडखळलं तरी चालेल, पाण्याचा रिपोर्ट तेवढा सोबत आणा.